अज्ञात उगमाची कापडी बाहुली : एका वस्तुरूप साधनाची चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट व नाणी यांना साधन म्हणून जे स्थान लाभले, ते घरगुती वस्तूंना अद्याप पूर्णतः लाभलेले नाही. उरलेल्या चिंध्यांतून शिवलेली वीतभर उंचीची बाहुली हे अशा उपेक्षित साधनांचे बोलके उदाहरण होय. जुन्या बाजारातून वा एखाद्या पेटीतून ती संग्रहात येते, तेव्हा तिच्यावर बहुधा शिवणारीचे नाव नसते, साल नसते, स्थळही नसते. अशा बाहुलीविषयी अभ्यासकाला कोणती विधाने करता येतात व कोणती करता येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साहित्याची साक्ष

पहिली तपासणी तंतूंची. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा, लिननचा पेरे असलेला, तर लोकरीचा खवले असलेला दिसतो. तंतू जाळून पाहण्याने वस्तूची हानी होते. म्हणून आपोआप सुटलेला एखादा धागाच तपासावा.

दुसरी तपासणी शिवणीची. एलियास हाऊ याला शिलाई यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले. त्यामुळे यंत्राची दुहेरी टीप असलेली बाहुली त्याआधीची मानता येत नाही. हातशिलाई मात्र प्राचीनत्वाचा पुरावा ठरत नाही, कारण ती आजही चालू आहे.

तिसरी तपासणी रंगांची. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये डांबरजन्य द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला, तर कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. नायलॉनची घोषणा १९३८ मधील आहे. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारी शुभ्रकारक द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. परंतु जुने कापड नव्या साबणचुऱ्याने धुतले असल्यासही ते चमकते, हे विसरता कामा नये.

या सर्व कसोट्या काळाची केवळ आरंभीची मर्यादा सांगतात : ‘याच्या आधीची नाही’, एवढेच. शिवाय चिंधी ही मुळातच वापरून झालेली वस्तू असल्याने कापड बाहुलीहून बरेच जुने असू शकते. म्हणून मूळ घडणीतील सर्वांत नवा घटक निर्णायक मानावा व नंतरची डागडुजी वेगळी नोंदवावी.

उगमस्थानाचा प्रश्न

काळापेक्षा स्थळ ठरविणे अधिक कठीण आहे. कापूस एका देशात पिकतो, दुसऱ्या देशात विणला जातो व बाहुली तिसऱ्याच देशात शिवली जाते. या संदर्भात ब्रिटिश म्युझियममधील रोमन काळातील बाहुली उद्बोधक आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील ही सुमारे १९ सेंटिमीटर उंचीची बाहुली जाड्याभरड्या लिननची असून तिच्यात चिंध्या व पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. तिचा काळ इसवी सनाचे पहिले ते पाचवे शतक असा विस्तृतच दिला जातो. तरीही तिला अर्थ आहे, कारण तिचे स्थळ ज्ञात आहे. त्याच नगराच्या उकिरड्यांतून ग्रेनफेल व हंट यांनी १८९६ ते १९०७ या काळात असंख्य पपायरस मिळविले. त्यांत करदात्यांची, सावकारांची व अधिकाऱ्यांची नावे आहेत. बाहुली शिवणारीचे नाव नाही. लिखित साधनांनी वगळलेले घर व बालपण या चिंध्यांनी जपले.

निष्कर्ष

स्थळाची नोंद एकदा हरवली की कोणतीही प्रयोगशाळा ती पूर्णपणे परत देऊ शकत नाही. ती पोकळी भरण्यासाठी विक्रेते कथा रचतात, आणि कथा संग्रहालयाच्या चिठ्ठीवर गेली की पुढील पिढीला ती पुरावा वाटते. यास्तव निरीक्षण, दात्याचे निवेदन व अनुमान या तीन गोष्टी नोंदवहीत स्वतंत्र रकान्यांत लिहाव्यात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना घराघरांतील चिंध्यांच्या बाहुल्या व भातुकली मिळत असताना, देणाऱ्या आजींकडून ती कोणी, कोठे व कोणासाठी केली हे त्याच दिवशी विचारून घेणे हे आपले कर्तव्य होय. जेथे हे विचारण्यास कोणी उरले नाही, तेथे ‘अज्ञात’ असे प्रामाणिकपणे लिहिणे हाच त्या अनाम हातांचा उचित सन्मान ठरेल.