वॉशिंग्टन स्मारकस्तंभ

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ राजधानीत उभारलेला दगडी स्तंभ. उंची सुमारे १६९ मी. वास्तुविशारद रॉबर्ट मिल्स. ४ जुलै १८४८ रोजी कोनशिला बसली. पण वर्गणी आटली, स्तंभासाठी पोपने पाठविलेली शिला १८५४ मध्ये चोरीला गेली, पुढे यादवी युद्ध आले आणि जेमतेम ४६ मी. चढलेले बांधकाम वीसहून अधिक वर्षे थोटकासारखे पडून राहिले. लष्करी अभियंता टॉमस केसी याने पाया भक्कम करून काम पुढे नेले. नंतरचा संगमरवर वेगळ्या खाणीतला असल्याने रंगातला फरक आजही डोळ्यांत भरतो. स्तंभाचा खरा इतिहास तिथेच वाचावा. ६ डिसेंबर १८८४ रोजी शिखरावर ॲल्युमिनियमचे टोक बसले. १८८९ मध्ये आयफेल मनोऱ्याने सर्वांत उंच वास्तूचा मान त्याच्याकडून घेतला.