'बांको'चे उपेक्षित अल्बम

३. 'बांको' : पूर्ण नाव 'बांको देल मुतुओ सोकोर्सो'. रोममधील प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. कीबोर्डवादक बंधू व्हित्तोरियो व जान्नी नोचेन्झी आणि गायक फ्रान्चेस्को दी जाकोमो (मृत्यू २०१४) हे त्याचे आधारस्तंभ. लेखकाने येथे गृहीत धरलेली बँडची ख्याती १९७२-७३मधील पहिल्या तीन अल्बमांवर उभी आहे. उत्क्रांतीच्या विषयावर रचलेला 'दार्विन!' त्यांतलाच. मात्र नंतरच्या अल्बमांना उतरणीची खूण मानणे अन्यायाचे होईल. 'गारोफानो रोस्सो' (१९७६) हे लुईजी फाच्चीनी यांच्या चित्रपटाचे संगीत. फॅसिस्ट राजवटीतील तरुणांवरच्या एलिओ व्हित्तोरिनींच्या कादंबरीवर तो चित्रपट आधारलेला आहे. दी जाकोमोंचा भारदस्त आवाज नसतानाही हे वादक लहान लहान वाद्यरचनांतून किती बोलू शकतात, ते येथे कळते. त्याच वर्षीच्या 'कोमे इन उन उल्तिमा चेना'मध्ये तो आवाज परत येतो आणि गाणी अधिक आटोपशीर होतात. 'दी तेर्रा' (१९७८) हा ऑर्केस्ट्रासह केलेला, पूर्णपणे शब्दविरहित अल्बम. नोचेन्झी बंधूंच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ओढीचा तो सर्वांत ठळक पुरावा असून प्रस्तुत संपादकाच्या मते बँडच्या उत्तम कामांत त्याची गणना व्हायला हवी. 'कान्तो दी प्रिमाव्हेरा'त (१९७९) बँड पुन्हा सुटसुटीत गाण्यांकडे वळतो. हे चारही अल्बम कालक्रमाने ऐकल्यास लेखकाचा पुढील युक्तिवाद तपासून पाहता येईल. – संपा.