जाड पात्याचा मोह आणि मोरा सुरी

रानात न्यायची सुरी घेताना नजर आधी पात्याच्या जाडीवर जाते. जाड म्हणजे भरवशाची, अशी समजूत आहे आणि सुरीचा इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात मोरा गावाजवळ ओस्तनोर हे खेडे आहे. तिथल्या कारागिरांच्या उभ्या, फुगीर पोटाच्या घड्याळांचा आधीच लौकिक होता. अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेल्या फ्रोस्ट एरिक एर्सोन यांनी १८९१ मध्ये तिथे लाकूड ओढायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि त्याच छपराखाली सुऱ्याही बनू लागल्या. पुढे गाड्या मागे पडल्या, सुऱ्या टिकल्या. मोरा गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरी सुतारांच्या, शेतकऱ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या हाती रोज होती, आणि तिचे रूप त्या वापरातूनच ठरले: सुमारे दहा सेंटिमीटरचे पातळ पाते, पिंपासारखी मधे फुगीर बर्चच्या लाकडाची मूठ, आणि दोन्ही अंगांना एकेकच रुंद उतार. तो उतार धारेच्या दगडावर सपाट बसतो, त्यामुळे कोन आपोआप सापडतो आणि नवख्यालाही धार लावता येते. जुन्या पात्यांत मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कडक पोलाद असे. धार टिकायची, पाते सहसा मोडायचे नाही आणि महागडे पोलादही कमी लागायचे.

जाड पात्याची ओढ दुसऱ्या घराण्यातून आली. अमेरिकेतल्या बोवी या जाड पात्याच्या सुरीचे नाव झाले ते १८२७ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या मारामारीमुळे. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटाने पाठीवर करवतीचे दात आणि पोकळ मूठ असलेली सुरी जगभर पोचवली. या सुऱ्यांची ख्याती झुंजीशी जोडलेली. शिबिरात मात्र दोर कापायचा असतो, खुंटी तासायची असते, कांदा चिरायचा असतो. अशा कामात जाड पाते कापण्याऐवजी पाचरीसारखे अडते.

यावर आक्षेप येतो की पातळ सुरीने ओंडके फुटत नाहीत. खरे आहे. पण स्वीडनच्या लाकूडतोड्याजवळ कुऱ्हाड असे, आणि कोकणातल्या माणसाच्या कमरेला आकडीत कोयता असतो. जड घाव त्यांनी घालायचे. एकच अवजार नेता येणार असेल तर थोडे जाड, मुठीच्या टोकापर्यंत गेलेले पाते घेणे शहाणपणाचे, हे मी मानतो. पण तो अपवाद आहे. दुसरा आक्षेप गंजाचा. सह्याद्रीच्या पावसाळ्यात साधे पोलाद एका रात्रीत डागाळते. पुसून तेलाचा हात फिरवला तर भागते, नाहीतर स्टेनलेस पाते घ्यावे. मोरा सुरीत दोन्ही प्रकार मिळतात. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: जुन्या घडणीच्या मुठीला बोटांपुढे आडवा अटकाव नाही, आणि ओला हात पात्यावर घसरू शकतो. तासण्यात तो धोका कमी, खुपसण्यात मोठा. ज्यांना सुरीची सवय नाही त्यांनी अटकाव असलेलीच घ्यावी. त्याने तासताना पकड किंचित अडखळते, पण बोटे शाबूत राहतात.