महापौरांना थेट फोन लावून देणारे रेडिओवाले; कोण आहेत न्यूयॉर्कचे ब्रायन लेअरर?

नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, हे सांगायला नगरपालिकेत किती चकरा माराव्या लागतात, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात लोक अशी गाऱ्हाणी रेडिओवर मांडतात, आणि काही वर्षं तर समोर उत्तर द्यायला खुद्द महापौर बसायचे. ही सवय लावणारे पत्रकार म्हणजे ब्रायन लेअरर.

'डब्ल्यूएनवायसी' या रेडिओ केंद्रावर लेअरर 1989 पासून बोलतायत. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 10 ते 12. विषय घरभाडं, शाळा, पोलीस, निवडणूक असे. पाहुणा बोलतो, मग श्रोत्यांचे फोन सुरू. फोन आला की आधी पडद्यामागचा माणूस नाव, भाग आणि मुद्दा विचारून घेतो, मगच लाईन स्टुडिओत जाते. लेअरर आवाज चढवत नाहीत. पण उत्तर टाळलं की तोच प्रश्न पुन्हा विचारतात.

2007 मध्ये त्यांनी श्रोत्यांनाच कामाला लावलं. जवळच्या दुकानात जा आणि दूध, लेट्यूसचा गड्डा, बिअर यांचा भाव कळवा, असं सांगितलं. आलेले भाव नकाशावर मांडले. एकाच शहरात तीच वस्तू कुठे स्वस्त, कुठे महाग, हे सगळ्यांना दिसलं. वार्ताहर एवढी दुकानं फिरून दमला असता! त्याच वर्षासाठीचा 'पीबॉडी' हा अमेरिकेतला मानाचा प्रसारण पुरस्कार कार्यक्रमाला मिळाला.

डिसेंबर 2010 मध्ये शहरात दीड फुटाहून जास्त बर्फ पडला. तेव्हाही कुठला रस्ता साफ झाला नाही, याची माहिती केंद्राने श्रोत्यांकडूनच मेसेजवर मागवली.

बिल डी ब्लासिओ महापौर असताना शुक्रवारी 'महापौरांना विचारा' हा भाग व्हायचा. कुणीही फोन करायचं. अनेकदा महापौर सांगायचे, तुमचा नंबर ठेवा, माझी माणसं संपर्क करतील. आता यातली किती कामं झाली हा वेगळा प्रश्न, पण तक्रार सगळ्या शहराने ऐकलेली असायची. नुसत्या अर्जाला ती धार नसते. मात्र महापौराने यावंच, असा कायदा नव्हता. पुढचे महापौर एरिक ॲडम्स यांनी दर आठवड्याचा हा शिरस्ता पुढे चालवला नाही.

गंमत म्हणजे हे केंद्र आधी महापालिकेचंच होतं. 1924 मध्ये सुरू झालं, आणि 1997 मध्ये पालिकेच्या ताब्यातून पूर्ण बाहेर पडलं. आता ते ना-नफा संस्था चालवते आणि श्रोत्यांच्या वर्गणीचा त्याला मोठा आधार आहे. महापौरांना अडचणीचा प्रश्न विचारायला याचा फायदा होतोच.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. सामुदायिक रेडिओलाही बातम्यांबाबत तेच बंधन. पण पाणी, वीज, हवामान, परीक्षा अशी स्थानिक माहिती त्यांना देता येते. साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे असं केंद्र आहे.

लेअरर यांचा कार्यक्रम मोबाईलवर फुकट ऐकता येतो, भाषा अर्थात इंग्रजी. आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात तो संध्याकाळी साडेसातला लागतो, हिवाळ्यात साडेआठला.