तात्पुरती निवासव्यवस्था व तीवरील खर्चाची लोकमाहिती

आपत्ती, रोगाची साथ, इमारतीची पडझड किंवा सार्वजनिक प्रकल्प यांमुळे बेघर झालेल्या कुटुंबांसाठी शासनाने वा स्थानिक संस्थेने मर्यादित काळापुरती केलेली घरांची सोय म्हणजे तात्पुरती निवासव्यवस्था होय. छावणी, संक्रमण शिबिर, पत्र्याचे निवारे व अलीकडील ‘कंटेनर’ घरे ही तिची महाराष्ट्रातील प्रचलित रूपे आहेत. कायम स्वरूपाच्या इमारतीची नोंद मालमत्तेत होते व ती इमारत डोळ्यांसमोर उभी असते. तात्पुरते घर मोडले, की त्याचा पुरावा केवळ कागदावर उरतो. त्यामुळे या घरांवर किती खर्च झाला आणि त्यांत कोण राहिले, ही माहिती नागरिकांना मिळणे वा न मिळणे याला इतर सार्वजनिक कामांपेक्षा अधिक महत्त्व येते.

या प्रश्नाशी सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, विशेषतः मालवण किनाऱ्याचा संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे किनाऱ्यावरची वादळे. दुसरा, आणि इतिहासदृष्ट्या मोठा, मुंबईतील वास्तव्याचा. मालवण, देवगड व वेंगुर्ले या बंदरांतून मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांनी लालबाग, परळ, गिरगाव इ. भागांतील चाळी भरल्या. गावच्या मंडळींनी मिळून एखादी खोली घ्यावी, भाडेपावती एकाच्या नावावर असावी आणि पाळीपाळीने अनेकांनी तीत राहावे, अशी ही पद्धत होती. पुढे चाळ धोकादायक ठरून रिकामी करावी लागली, तेव्हा पावतीवर नाव असलेला एकटाच हक्कदार ठरला व बाकीचे कागदाच्या दृष्टीने नव्हतेच. यादीचा प्रश्न हा खर्चाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा कसा ठरतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

मुंबईत तात्पुरत्या घरांवर मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैसा प्रथम खर्च झाला, तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला व मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. रुग्णांच्या निकटवर्तियांना विलगीकरण छावण्यांत हलविण्यात येई. खेरीज जातवार आरोग्य छावण्याही उभारल्या गेल्या. या कामाचे अहवाल सिद्ध झाले, हे मान्य केले पाहिजे. महापालिका आयुक्त स्नो आणि गेटेकर या दोघांचेही विस्तृत अहवाल छापलेले आहेत. तथापि ते इंग्रजीत होते व शासनाच्या माहितीसाठी होते. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमान्वये ७२ सभासदांपैकी ३६ सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते. हिशेबाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार अशा रीतीने कर भरणाऱ्यांकडे आला. छावणीत राहणारा गिरणीकामगार बहुधा करदाता नव्हता आणि मतदारही नव्हता. ज्याच्यासाठी खर्च झाला, त्याला हिशेब पाहण्याचे द्वार बंद होते. हा दोष त्या काळापुरता मर्यादित राहिला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी कल्याणजवळील लष्करी बराकी वापरण्यात आल्या व त्यांतूनच उल्हासनगर वाढले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुण्यातील पूरग्रस्तांसाठी अर्धगोल छपरांच्या निसेन झोपड्या व ओटे यांची सोय झाली. धरण फुटण्याच्या कारणांची न्यायालयीन चौकशी झाली. पूरग्रस्तांच्या वसाहतींतील जागांच्या मालकीचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके रेंगाळला. ‘तात्पुरते’ हा शब्द शासकीय कागदांत जितका टिकाऊ असतो, तितके दुसरे काहीच नसते, असे म्हणावेसे वाटते.

संक्रमण शिबिरांचा खरा इतिहास १९६९ पासून सुरू होतो. त्या वर्षीच्या अधिनियमाने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि बेटावरील १९,६४२ जुन्या इमारती उपकरपात्र ठरल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती पहिल्या वर्गात मोडतात. १९७७ मध्ये हे मंडळ महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात (म्हाडा) विलीन झाले. इमारत पाडून नवी बांधेपर्यंत भाडेकरूंना संक्रमण शिबिरात ठेवावे, ही मूळ कल्पना होती. धारावी, शीव इ. ठिकाणी अशी शिबिरे झाली. शीवच्या वसाहतीस प्रतीक्षानगर असे नाव आहे व ते अनेक कुटुंबांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले. अरुंद भूखंड, रस्त्याचे आरक्षण यांसारख्या कारणांनी जेथे पुनर्बांधणी शक्यच नव्हती, तेथील रहिवाशांची नावे बृहत्‌सूचीत घालण्यात आली आणि अन्यत्र पुनर्बांधणीत शिल्लक राहणारे गाळे त्यांना द्यावयाचे ठरले. काही कुटुंबांची दुसरी व तिसरी पिढी शिबिरातच वाढली. मधल्या काळात गाळे हस्तांतरित झाले, काहींत घुसखोर शिरले. अखेर शासनाला रहिवाशांचे मूळ भाडेकरू, व्यवहाराने ताबा घेतलेले व घुसखोर असे तीन वर्ग करावे लागले.

या व्यवस्थेतील पैशाचा माग काढणे नागरिकाला कठीण जाते. उपकर महानगरपालिका मालमत्ता कराबरोबर वसूल करते, खर्च मंडळ करते, आणि राज्यशासन व महानगरपालिका यांची अंशदाने त्यांत मिळतात. म्हणजे एकाच गाळ्याचा हिशेब तीन दप्तरांत विखुरलेला असतो. शिबिराची दुरुस्ती, पाणी, वीज व रखवाली ही पुन्हा वेगवेगळ्या शीर्षांखाली जातात. एका कुटुंबास एका वर्षी तात्पुरते ठेवण्यास किती खर्च आला, हा साधा आकडा कोणत्याही एका नोंदवहीत आपोआप सापडत नाही. लेखापरीक्षण होते. स्थानिक संस्थांसाठी तर १९३० चा मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम आहे. परंतु लेखापरीक्षक पावती व मंजुरी यांचा मेळ पाहतो. गाळ्यात प्रत्यक्ष कोण राहते, हे पाहणे त्याचे काम नसते.

कागदपत्रे पाहण्याचा नागरिकांचा हक्क न्यायालयांनी आधी मान्य केला व विधिमंडळाने नंतर. राज नारायण खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कृत्ये जाणून घेण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. स्थानिक संस्थेच्या दृष्टीने १९८६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा पुणे कटक मंडळाविषयीचा निर्णय अधिक जवळचा आहे. त्यात पर्यावरण क्षेत्रातील नागरिक गटाला बांधकाम परवानग्यांची कागदपत्रे पाहू देण्याचा प्रश्न होता व तो हक्क मान्य झाला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन पंचायतींची हजेरीपत्रके व देयके गावासमोर वाचली. गोव्याने १९९७ मध्ये माहितीचा कायदा केला. महाराष्ट्राचा २००० चा कायदा तोकडा ठरला. त्याजागी अधिक व्यापक अधिनियम आला. अण्णा हजारे यांच्या उपोषणाच्या वेळी, ऑगस्ट २००३ मध्ये त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली व तो सप्टेंबर २००२ पासून लागू मानण्यात आला. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला.

तात्पुरत्या घरांच्या बाबतीत केंद्रीय अधिनियमातील काही तरतुदी विशेष उपयोगी आहेत. कलम ४ अन्वये अंदाजपत्रक, खर्च व अनुदानाचे लाभार्थी यांची माहिती कार्यालयाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते. कलम २ मध्ये कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचा समावेश आहे. पत्रा किती जाडीचा मंजूर झाला व कोणता बसविला, हे त्यामुळे पडताळता येते. माहिती सामान्यतः ३० दिवसांत द्यावयाची असते. २० वर्षांपूर्वीच्या घटनांसंबंधीची माहिती कलम ८(३) नुसार मोजके अपवाद वगळता द्यावी लागते. शिबिरात दीर्घकाळ राहिलेल्या कुटुंबांस हे कलम मोलाचे आहे, मात्र जुने दप्तर शिल्लक असेल तरच. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याचे पालन म्हणूनच माहितीच्या हक्काचा पाया ठरते.

अलीकडे वाद उभा राहिला आहे, तो नावांचा. व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभा कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वीपासून होती, परंतु व्यापक लोकहित असल्यास ती देण्याची सोय त्याच कलमात होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने हे कलम आखूड करून ती सोय वगळली. कलम ८(२) मधील लोकहिताची सर्वसाधारण तरतूद कायम आहे, पण तिचा आधार घेण्याचा भार अर्जदारावर अधिक पडतो. रहिवाशाचा दूरध्वनी क्रमांक वा आजार उघड करण्याचे कारण नाही. गाळा कोणाच्या नावे व केव्हापासून आहे, हे झाकले, तर मात्र एकूण खर्चाचा आकडा मिळूनही त्याचा उपयोग फारसा होत नाही. म्हाडाने डिसेंबर २०२३ मध्ये बृहत्‌सूचीतील पात्र व्यक्तींना संगणकीय सोडतीने गाळे दिले. पात्रतेची यादी जाहीर असणे हाच अशा सोडतीचा आधार असतो.

किल्लारी भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) ग्रामीण भागात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. पत्र्याच्या निवाऱ्यांतील कुटुंबे ५२ गावांच्या नव्या वसाहतींत हलविताना लाभार्थ्यांच्या याद्या गावसभेपुढे ठेवण्याची पद्धत पडली. चावडीवर वाचलेल्या नावाला शेजारीच हरकत घेऊ शकतो, आणि ही तपासणी कोणत्याही अर्जापेक्षा लवकर होते.

मालवण किनाऱ्यावर वादळात चिऱ्याच्या घरांची कौले उडाली, तर कुटुंब शाळेत वा शेजाऱ्याच्या पडवीत आसरा घेते. छावणी क्वचितच उभारली जाते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने देवगड, मालवण व वेंगुर्ले तालुक्यांत घरांची मोठी हानी केली, तेव्हा खर्च निवासाच्या नव्हे, तर नुकसानभरपाईच्या रूपात झाला व त्याचा आधार तलाठी व ग्रामसेवक यांचे पंचनामे हा होता. अशा वेळी मागावयाचा कागद म्हणजे अंदाजपत्रक नसून पंचनाम्यांची गाववार यादी व वाटपाचे पत्रक हा असतो. तहसील कार्यालय, पंचायत समिती व ओरोस येथील जिल्हा मुख्यालय यांकडे त्याच्या प्रती असतात. माहिती न मिळाल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे व दुसरे राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे करता येते. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटल्यावर शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, आणि जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीच्या दरडीनंतर रायगड जिल्ह्यात, कंटेनर घरे वापरण्यात आली. ती खरेदी केली की भाड्याने घेतली, व कुटुंबे कायमच्या घरात गेल्यावर ती कोठे गेली, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या जिल्ह्याच्या दप्तरांत शोधावी लागतात.