शिकाऊ मांत्रिकाचे पूर्ववृत्त



इतिहासाच्या व्याख्यानासाठी मी एका खेळातला विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु माणसे कोणते खेळ खेळतात आणि त्यांत कोणती सोंगे घेतात, यावरूनही त्यांच्या मनात जुने काय शिल्लक राहिले आहे ते कळते. आज ज्या सोंगाविषयी मी बोलणार आहे ते आहे शिकाऊ मांत्रिकाचे. गुरूच्या घरी उमेदवारी करून नुकताच बाहेर पडलेला, हाताशी दोन-चार मंत्र असलेला, अंगाने दुबळा असा हा तरुण. तो खेळात उतरतो तेव्हा त्याला एक प्रश्न विचारला जातो : तू आजवर कुठे होतास? या प्रश्नाचे जे उत्तर, ते त्याचे पूर्ववृत्त.

प्रथम खेळाची ओळख करून देतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, एवढेच त्याचे पहिले स्वरूप. आणि प्रती काढल्या होत्या अवघ्या एक हजार. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि भुयार, अरण्य, पडका किल्ला यांचे वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील ते तोंडाने सांगतात. जे करू म्हटले ते साधले की फसले, हे फाशांवर ठरते. यात पट नसला तरी चालतो, आणि शेवटी अमुक जिंकला असेही नसते. आपल्याकडील सोंगट्या आणि नाटक यांचे हे लग्न लागले आहे असे म्हणावे.

पहिल्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, धर्मोपदेशक आणि मांत्रिक. यांपैकी मांत्रिक आरंभी अगदीच केविलवाणा. दिवसाकाठी एक मंत्र. तो म्हटला की संपला. दुसऱ्या दिवशी पोथी उघडून पुन्हा पाठ करावा तेव्हा तो परत येणार. उच्चारताच मंत्र स्मरणातून निघून जातो, ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० साली आलेल्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतली, आणि ते ऋण त्याने मान्यही केले. पुढील नियमांत तर योद्ध्याची प्राणशक्ती दहा पैलूंच्या फाशाने मोजावी आणि मांत्रिकाची चार पैलूंच्या, असे ठरले. चिलखत त्याला वर्ज्य. एखाद्या उनाड पोराने दगड मारला तरी याचा अवतार संपायचा!

१९७९ साली सूत्रधारांसाठी जो मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यात या दुबळ्या जीवाचे पूर्ववृत्त थोडक्यात सांगितले आहे. हा कुणा थोर मांत्रिकाकडे उमेदवारी संपवून आला आहे. शिष्य म्हणून बरा होता, फार असामान्य नव्हता. निघताना गुरूने त्याला चार मंत्रांची पोथी दिली आहे. त्याच ग्रंथात पात्रांच्या वयाचे कोष्टक आहे. त्यात मनुष्यजातीचा योद्धा खेळात उतरतो तो १६ ते १९ वर्षांचा असताना, आणि मांत्रिक उतरतो २६ ते ४० वर्षांचा होऊन. खेळाच्या कर्त्यांनी बहुधा नुसता हिशेब केला असेल, पण तो हिशेब बोलका आहे. तलवार वर्षा-दोन वर्षांत हाती बसते. विद्या तारुण्य घेते.

पण मग त्या दहा-वीस वर्षांत झाले काय? गुरूच्या घरी त्याने काय सोसले, काय चोरले, कुणाचे नुकसान केले? याविषयी ग्रंथ मूक आहे. पुढे २०१४ सालच्या आवृत्तीत ‘पूर्ववृत्त’ हा नियमांचाच भाग झाला आणि प्रत्येक पात्राने आपला आदर्श, आपला ऋणानुबंध आणि आपला दोष नोंदवावा, असे सांगण्यात आले. आदर्श लिहिणे सोपे असते. ऋण आणि दोष लिहिताना मात्र खेळणाऱ्याला विचार करावा लागतो. आणि माझ्या मते शिकाऊ मांत्रिकाची खरी कथा तिथेच आहे. ती कथा या खेळाहून सुमारे अठराशे वर्षांनी जुनी आहे.

आधी ‘उमेदवारी’ हा शब्द पाहू. युरोपात ती कवीकल्पना नव्हती; कायद्याने बांधलेली संस्था होती. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने धंदा करू इच्छिणाऱ्याला निदान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधोमध करवतीच्या दात्यांसारखा कापीत. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा मुलाकडे. वाद झाला तर दाते जुळवून पाहायचे. मुलाने सेवा करावी आणि उस्तादाची गुपिते बाहेर फोडू नयेत. उस्तादाने अन्न, निवारा आणि कसब द्यावे. कागदावर हे समान दिसते, पण कसब केव्हा आणि किती द्यायचे, हे उस्तादाच्याच हाती असे. १९८७ साली निघालेल्या ‘आर्स मॅजिका’ या दुसऱ्या खेळात हे मर्म नेमके पकडले आहे. त्यात मांत्रिकाची उमेदवारी पंधरा वर्षांची. वर्षातून एक ऋतू गुरूने शिकवावे, बाकीचे तीन ऋतू शिष्याने राबावे.

जिथे विद्या अशी चिमटीचिमटीने मिळते, तिथे ती चोरण्याचा मोह होणारच. या चोरीची प्रसिद्ध कथा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन याने आपल्या एका संवादात घातली आहे. युक्राटीझ नावाचा तरुण वडिलांनी शिक्षणासाठी इजिप्तमध्ये धाडलेला. नाईलच्या प्रवासात त्याची पँक्राटीझ नावाच्या मांत्रिकाशी गाठ पडली. हा गृहस्थ तेवीस वर्षे भूमिगत देवळांत विद्या शिकलेला. तो मुसळाला किंवा केरसुणीला कपडे चढवी, मंत्र म्हणे, आणि ते लाकूड माणसासारखे घरकाम करी. सगळे दाखवी, पण तेवढा मंत्र सांगेना. युक्राटीझने अंधारात उभे राहून तीन अक्षरांचा तो मंत्र ऐकला. गुरू बाजारात जाताच मुसळाला पाणी भरायला सांगितले. पाणी आले, येतच राहिले. थांबवण्याचा मंत्र ठाऊक नव्हता. कुऱ्हाडीने मुसळाचे दोन तुकडे केले, तर दोन पाणके झाले! गुरू परतला, त्याने लाकडाचे पुन्हा लाकूड केले, आणि शिष्याला टाकून तो निघून गेला.

जर्मन महाकवी गटे याने १७९७ मध्ये याच कथेवर काव्य लिहिले, १८९७ मध्ये पॉल द्युका या फ्रेंच संगीतकाराने त्यावर वाद्यसंगीत रचले, आणि १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या बोलपटातून ती जगभरच्या मुलांपर्यंत गेली. या प्रवासात कथा गोंडस झाली आणि लूशियनमधला एक बारकावा मागे राहिला. तिथे श्रोते म्हाताऱ्या युक्राटीझला विचारतात, की तुला अजून तो मंत्र येतो का? तो सांगतो, अर्धा येतो. चालू करता येते, थांबवता येत नाही. आयुष्यभर ही अर्धी विद्या घेऊन तो जगला. शिकाऊ मांत्रिकाचा दोष याहून नेमका कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही.

आता आपण म्हणाल, या झाल्या गोष्टी. खराखुरा शिकाऊ मांत्रिक इतिहासात कोणी आहे का? आहे, आणि त्याने आपले पूर्ववृत्त स्वतः लिहून ठेवले आहे. फ्रान्समधील मोरिन्यी येथील मठातला ख्रिस्ती संन्यासी जॉन हा तो मनुष्य. काळ इसवी सन १३०० च्या आसपासचा. तरुणपणी शार्त्र येथे शिकत असता त्याच्या हाती भूतविद्येचे एक पुस्तक आले. त्याने जमेल तेवढे उतरून घेतले आणि ही विद्या पुरती कशी साधावी, हे एका जाणकार वैद्याला विचारले. वैद्याने त्याला ‘आर्स नोतोरिया’ नावाचा ग्रंथ शोधायला सांगितले. सॉलोमन राजाच्या नावावर खपणाऱ्या या ग्रंथाचे आश्वासन काय होते? उपास करावा, ठरावीक प्रार्थना म्हणाव्या, विशिष्ट आकृत्यांवर दृष्टी लावावी. म्हणजे व्याकरण, तर्क, गणित अशा सर्व विद्या थोडक्या काळात आपोआप प्राप्त होतात. त्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात, ते महाग असत आणि अध्ययनाला वर्षानुवर्षे लागत. गरीब विद्यार्थ्याला असा ग्रंथ म्हणजे परिसच वाटणार. थॉमस अक्वायनससारख्या धर्मशास्त्रज्ञाने तो निषिद्ध ठरवला होता. पण निषेधाने भूक जात नाही.

जॉनने साधना केली. आरंभी त्याला दिव्य दर्शने झाली, नंतर भयंकर होऊ लागली. इथवर ही एका माणसाच्या हावेची कथा आहे. परंतु त्याला एक धाकटी बहीण होती, पंधराएक वर्षांची. तिला लिहाय-वाचायला शिकायचे होते. शार्त्रच्या शाळेचे दार जॉनला उघडे होते, तिला नव्हते. भावाने तिला तीच साधना शिकवली. ती वाचू-लिहू लागली. आणि मग तिलाही दुष्ट आत्मे छळू लागले. ती छळणूक आपण आज मनाचा आजार म्हणू किंवा आणखी काही म्हणू. मुलीच्या वाट्याला आलेली भीती खरी होती. आपण केलेल्या प्रयोगाची झळ दुसऱ्याला लागली, हे जॉनने लपवले नाही. दोघांनी ती साधना सोडली. पुढे जॉनने माता मेरीच्या आज्ञेने, असे तो सांगतो, शुद्ध प्रार्थनांचा नवा ग्रंथ रचला. तरीही जुनेच पाखंड नव्या वेषात आणल्याचा ठपका ठेवून १३२३ साली पॅरिस येथे तो ग्रंथ जाळण्यात आला. त्याच्या प्रती मात्र उरल्या, आणि २०१५ मध्ये त्याची संशोधित आवृत्ती छापली गेली.

मला या हकिकतीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की मंत्राची चोरवाट धरणारा नेहमीच उतावळा किंवा दुष्ट असतो असे नाही. राजमार्ग बंद असला म्हणजे माणसे चोरवाटेने जातात. दुसरी ही, की अर्ध्या विद्येची किंमत शिकणारा एकटा देत नाही. ती जवळचे माणूस देते. अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत हेच सत्य मांडले. गेड हा तरुण शिष्य गर्वाच्या भरात मृतात्म्याला हाक मारतो. त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. फट बुजवताना त्या विद्यापीठाचा वृद्ध प्रमुख नेम्मर्ल प्राणाला मुकतो. गेड जगतो, तोंडावर व्रण आणि माथ्यावर ते ऋण घेऊन.

हे ऐकताना आपल्याला गोरखनाथांची आठवण झाली असेल, आणि ती योग्यच आहे. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या १८१९ च्या ग्रंथातली कथा घरोघरी ठाऊक आहे. मच्छिंद्रनाथांनी दिलेला संजीवनी मंत्र गोरख पाठ करीत असतात. गावची पोरे चिखलाची गाडी करून खेळत असतात आणि गाडीवान करून द्या म्हणून त्यांच्या पाठीस लागतात. तोंडी मंत्र, हाती चिखल. पुतळा सजीव होतो आणि पोरे भूत भूत म्हणून पळतात. मुसळाची आणि या पुतळ्याची गोष्ट इथवर एकच आहे. पुढे मात्र ती वेगळी होते. मच्छिंद्रनाथ लाकडाचे लाकूड करीत नाहीत. ते त्या बालकाला उचलून घेतात आणि मधुनाभ व गंगा या दांपत्याच्या ओटीत घालतात. तेच गहिनीनाथ. कथा कथेच्या जागी ठेवली, तरी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दिलेली परंपरा पाहा : गोरक्षांपासून गहिनींना, गहिनींपासून निवृत्तींना, निवृत्तींपासून ज्ञानदेवांना. आपल्या लोकांनी ज्ञानेश्वरीच्या गुरुपरंपरेतील एक दुवा शिष्याच्या चुकीतून जन्माला आला असे मानले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण चूक झाल्यावर गुरू तिथे होता.

पँक्राटीझ निघून गेला, म्हणून युक्राटीझ जन्मभर अर्धाच राहिला. जॉनला योग्य गुरू लाभलाच नाही. त्याला मिळाला तो एका पुस्तकाचा पत्ता. मच्छिंद्र थांबले.

तेव्हा मेजाभोवती बसून कुणी तरुण वा तरुणी शिकाऊ मांत्रिकाचे सोंग घेणार असेल, तर तिने त्याचे जन्मगाव आणि झग्याचा रंग खुशाल लिहावा. पण त्याचबरोबर हेही लिहावे, की याला विद्या कोणी दिली, कोणती मिळाली नाही म्हणून याने चोरली, आणि त्या चोरीची झळ कुणाला लागली. आणि आपण जे शिकवणारे, वडीलधारे, ग्रंथांच्या किल्ल्या सांभाळणारे आहोत, त्यांनी याच प्रश्नांची दुसरी बाजू स्वतःला विचारावी. आपल्या दारात कोण ताटकळत उभे होते? त्याला आपण चालू करण्याचा मंत्र दिला आणि थांबवण्याचा ठेवून घेतला, असे तर झाले नाही ना? इतके बोलून मी आपली रजा घेतो.