हाली, कलदार आणि घरातली चांदी

जगात कुठे लढाई पेटली की माणसे सराफाकडे धावतात. आमच्या जैनथकडच्या मराठी घरांना ही धाव नवी नाही. पूर्वी पैनगंगा ओलांडली की रुपयाच बदलायचा. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. जुन्या खरेदीखतांत रकमेसोबत ‘हाली’ की ‘कलदार’ ते लिहिलेले असे. कचेरीत बसणाऱ्या आम्हांला त्याचे अप्रूप वाटते.

सात हालीचे सहा कलदार, हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. तो आला कुठून? हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के चांदी. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के. गुणाकार करून पाहा: सात हालीत आणि सहा कलदारांत शुद्ध चांदी जवळपास सारखीच, ६४ ग्रॅम! दरावर मोहोर सरकारची, पण हिशेब धातूचा.

महायुद्धांनी तो बिघडवला. पहिल्या युद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने नोटा काढल्या. दुसऱ्या युद्धात १९४० मध्ये कलदार निम्म्या चांदीवर आला, १९४२ च्या सुमारास हालीही. वरचा चारमिनार तोच, आतली चांदी पातळ.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान गेले. हाली मात्र १९५९ पर्यंत चालला, दर तोच सातास सहा. म्हणजे जुना कसदार रुपया आणि युद्धातला हलका, दोघांचे मोल एकच. ज्यांनी जुने रुपये मोजून दिले, त्यांची चांदी नोटेच्या भावात गेली. ज्या घरांत त्याच रुपयांचे वाळे, गोट घडवले गेले, तिथे ती सुनेपर्यंत पोचली. पण नोटा ठेवणारेही बुडाले नाहीत, त्यांना ठरल्या दराने पैसे मिळाले. शिवाय गाडग्यातल्या चांदीने कुणाला कधी व्याज दिले नाही; ‘चांदी दगा देत नाही’ म्हणणारे हे सोयीने विसरतात, असे आम्हांला वाटते.

यंदा लक्ष्मीपूजनाला तबकातला चारमिनारचा रुपया काढाल, तेव्हा त्यावरचे हिजरी साल जाणकाराकडून वाचून घ्या. १३६१ किंवा पुढचे असेल, तर मोडीला नेताना सोनार निम्मीच चांदी धरील.